अकरावीची केमिस्ट्री: आवर्तसारणीतले बाण पाठ करू नका, ट्रेंड स्वतः काढायला शिका

संध्याकाळी माझ्याकडे चार-पाच पोरं केमिस्ट्री विचारायला येतात, बहुतेक दहावीपर्यंत मराठी मिडियमवाली, आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये तेच रडगाणं: "सर, ट्रेंड पाठ केले पण पेपरात उलटंच आलं." वही उघडून बघितलं की आवर्तसारणीचं चित्र आणि त्यावर लाल पेनने बाण, डावीकडून उजवीकडे हे वाढतं, वरून खाली ते कमी होतं. हे बाण चुकीचे नाहीत, पण नायट्रोजन-ऑक्सिजनपाशी आले की फसवतात, आणि परीक्षक नेमका तिथेच बसलेला असतो.

म्हणून मी शिकवतो तो क्रम इथे लिहितोय. रोज तासभर दिला तर आठवड्यात बसतो. लागेल ती फक्त एक वही, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर.

सगळ्यात आधी वहीच्या पहिल्या पानावर शब्दांच्या जोड्या लिहून काढा, कारण अर्धी भीती इंग्रजी शब्दांचीच असते. अणुअंक म्हणजेच अ‍ॅटॉमिक नंबर, केंद्रक म्हणजे न्यूक्लियस, कवच म्हणजे शेल, गण म्हणजे ग्रुप (उभा), आवर्त म्हणजे पिरियड (आडवा), इलेक्ट्रॉन संरूपण म्हणजे कॉन्फिगरेशन, विद्युतऋणता म्हणजे इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी. दहावीत जे शिकलात तेच आहे हो, नुसते कपडे बदललेत.

पायरी १: प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन मोजता आले पाहिजेत

प्रोटॉन किती यावर मूलद्रव्य कोणतं ते ठरतं, बास. १३ प्रोटॉन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, मग बाकी काहीही होवो. न्यूट्रॉन बदलले तर आयसोटोप, इलेक्ट्रॉन बदलले तर आयन. अ‍ॅल्युमिनियमचा तीन प्लस आयन घ्या, वस्तुमानांक (म्हणजे प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) २७: प्रोटॉन १३, न्यूट्रॉन १४, इलेक्ट्रॉन १०. इथे निम्मी पोरं १६ लिहितात कारण प्लस दिसला की हात आपोआप बेरीज करतो. प्लस म्हणजे ऋण प्रभार गेला, म्हणजे इलेक्ट्रॉन कमी झाले, हे एकदा मोठ्याने म्हणा.

क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ का, अर्धा न्यूट्रॉन असतो का, हा प्रश्न कोणी विचारला की मला बरं वाटतं. निसर्गात साधारण चारातले तीन क्लोरीन अणू ३५ चे आणि एक ३७ चा. तीन गुणिले ३५ अधिक ३७, भागिले ४, करून बघा, ३५.५ येतं.

आणि न्यूक्लियसचा आकार डोक्यात बसवा. अणूच्या व्यासाच्या साधारण एक लाखावा भाग. न्यूक्लियस मोहरीच्या दाण्याएवढा, म्हणजे दीड मिलिमीटर धरला तर अणू दीडशे मीटरचा, म्हणजे क्रिकेटचं मैदान या बाउंडरीपासून त्या बाउंडरीपर्यंत. रदरफोर्डने सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण (धन प्रभाराचे बारीक कण) मारले तेव्हा बहुतेक सरळ आरपार का गेले हे यावरून कळतं, मैदानात मोहरीचा दाणा लागणार कोणाला! इतिहासात साल विचारतात ती एवढीच लक्षात ठेवा: थॉमसनचा इलेक्ट्रॉन १८९७, रदरफोर्डचं न्यूक्लियस १९११, बोरचं मॉडेल १९१३, चॅडविकचा न्यूट्रॉन १९३२.

पायरी २: रासायनिक नियम, एका बैठकीत

नियम चार-पाच आहेत पण खरं काम एकच, वजनांचं गुणोत्तर काढणं.

वस्तुमान अक्षय्यतेचा नियम, लव्हाझिएचा: ४ ग्रॅम हायड्रोजन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजनपासून ३६ ग्रॅम पाणी. सोपं. यावर घरी करायचा एक प्रयोग सगळीकडे फिरतो, बाटलीत व्हिनेगर, फुग्यात खायचा सोडा, फुगा बाटलीच्या तोंडावर लावायचा, सोडा आत पाडायचा, आणि किचनच्या डिजिटल काट्यावर वजन आधी आणि नंतर सारखंच येणार असं सांगतात. मी केला. ४.२ ग्रॅम सोडा, ७० मिली व्हिनेगर, आणि काटा साधारण सव्वा ग्रॅम कमी दाखवायला लागला, पोरं माझ्याकडे बघतायत आणि मी काट्याकडे. वाटलं फुगा लीक आहे, दुसरा लावला, परत तेच. मग ट्यूब पेटली. ४.२ ग्रॅम सोड्यातून जास्तीत जास्त २.२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास, तेवढा फुगा फुगतो आणि तेवढीच बाहेरची हवा बाजूला सारतो, आणि लिटरभर हवेचं वजन असतं साधारण १.२ ग्रॅम. म्हणजे हवाच फुग्याला वर उचलत होती, पाण्यात बादली हलकी लागते तसंच. वस्तुमान कुठेही गेलं नव्हतं, काटा वस्तुमान नाही तर त्याच्यावर खाली पडणारा भार मोजत होता. आता मी हा प्रयोग मुद्दाम करतो. पण बाटलीला घट्ट झाकण लावून "फुग्याचा प्रॉब्लेमच नको" असं कृपा करून करू नका, गॅसच्या दाबाने बाटली फुटू शकते.

स्थिर प्रमाणाचा नियम प्रूस्टचा: पाणी पावसाचं घ्या, विहिरीचं घ्या, शुद्ध केलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वजनाने १ ला ८. गुणित प्रमाणाचा नियम डाल्टनचा, यावर गणितं येतात आणि त्याची ट्रिक अशी की एका मूलद्रव्याचं वजन फिक्स करायचं आणि मग दुसऱ्याचं गुणोत्तर काढायचं. १२ ग्रॅम कार्बनबरोबर एका संयुगात १६ ग्रॅम ऑक्सिजन, दुसऱ्यात ३२, म्हणजे १ ला २. नायट्रोजनची ऑक्साइडं तर फारच छान, २८ ग्रॅम नायट्रोजनबरोबर १६, ३२, ४८, ६४, ८० ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे थेट १:२:३:४:५. गणितात टक्के दिले असतील तर आधी फिक्स करा, टक्क्यांचंच गुणोत्तर काढत बसू नका, तिथे सगळे आपटतात. गे-ल्युसॅकचा आकारमानाचा नियम फक्त वायूंना लागतो, एवढंच.

मोल म्हणजे डझनासारखा शब्द, फक्त आकडा अगडबंब: ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, म्हणजे एक मोठा घोट. ९ ग्रॅम पाण्यात अणू किती असं विचारलं तर थांबा, अणू विचारलेत का रेणू? अर्धा मोल म्हणून रेणू ३.०११ गुणिले १० चा २३ वा घात, आणि प्रत्येक रेणूत तीन अणू म्हणून त्याच्या तिप्पट, ९.०३३. प्रश्नातल्या "अणू" किंवा "रेणू" शब्दाला पेन्सिलीने गोल करायची सवय लावा.

पायरी ३: पहिल्या तीस मूलद्रव्यांचं कॉन्फिगरेशन हाताने लिहा

नुसतं बघून नाही, हाताने. एस, पी, डी हे शेलचे उपभाग, आणि अक्षराआधीचा आकडा म्हणजे शेल कितवं. इलेक्ट्रॉन भरायचा क्रम: १एस, २एस, २पी, ३एस, ३पी, ४एस, ३डी, ४पी. एस मध्ये २ मावतात, पी मध्ये ६, डी मध्ये १०. अक्षराच्या पुढचा आकडा म्हणजे त्यात बसलेले इलेक्ट्रॉन, म्हणजे फ्लोरीन: १एस२ २एस२ २पी५.

४एस आधी आणि ३डी नंतर का? एन अधिक एल ची बेरीज करा (एन म्हणजे शेलचा आकडा, एल म्हणजे एस साठी ०, पी साठी १, डी साठी २), ४एस साठी ४ अधिक ० म्हणजे ४, ३डी साठी ३ अधिक २ म्हणजे ५. कमी बेरीजवालं आधी भरतं, बेरीज सारखी आली तर कमी एनवालं आधी.

हुंडचा नियम म्हणजे रिकामी एसटी. डेपोतून गाडी लागली की माणूस आधी एकेक खिडकी धरून बसतो, सगळ्या खिडक्या गेल्या की मग नाइलाजाने दुसऱ्याच्या शेजारी. पी मध्ये तीन ऑर्बिटल म्हणजे तीन बाकडी, नायट्रोजनचे तीन इलेक्ट्रॉन तिन्हीवर एकेक, ऑक्सिजनचा चौथा आला की त्याला कोणाच्या तरी शेजारी बसावंच लागतं. ही एसटी लक्षात ठेवा, पाचव्या पायरीत परत लागणार आहे.

अपवाद दोनच या तीसमध्ये: क्रोमियम ३डी५ ४एस१ आणि कॉपर ३डी१० ४एस१. आणि सगळ्यात जास्त मार्क जातात ते इथे: आयन करताना इलेक्ट्रॉन ४एस मधून आधी काढायचे, भरताना आधी भरलं असलं तरी. लोखंड ३डी६ ४एस२, दोन प्लस झालं की ३डी६, तीन प्लस झालं की ३डी५. माझ्याकडच्या एका पोराने वहीच्या कव्हरवर "४एस आधी बाहेर" असं मार्करने लिहून ठेवलंय, चांगली आयडिया आहे.

पायरी ४: खरा खेळ इथे आहे, इफेक्टिव्ह न्यूक्लियर चार्ज

ही पायरी क्लासमध्ये दहा मिनिटांत उरकतात आणि ट्रेंडला तीन लेक्चर देतात. माझ्या मते उलटं पाहिजे.

गणपतीत मंडपात दर्शनाला उभे आहात असं समजा. मूर्ती म्हणजे न्यूक्लियस. तुमच्या पुढच्या रांगेतली माणसं मूर्ती झाकतात, अगदी पुढच्या रांगांतली तर पूर्णच झाकतात, आणि तुमच्याच रांगेत बाजूला उभा असलेला माणूस थोडंफारच, खांदा मध्ये येतो तेवढंच. इलेक्ट्रॉनचं तसंच, बाहेरच्या इलेक्ट्रॉनला न्यूक्लियसची पूर्ण ओढ कधी जाणवतच नाही, मधले इलेक्ट्रॉन ती अडवतात. याला शिल्डिंग म्हणतात, आणि उरलेली ओढ म्हणजे इफेक्टिव्ह न्यूक्लियर चार्ज.

स्लेटर नावाच्या शास्त्रज्ञाने याला साधे आकडे दिले. बाहेरच्या एस किंवा पी इलेक्ट्रॉनसाठी: त्याच शेलमधला प्रत्येक सोबती ०.३५ अडवतो, लगेच आतल्या शेलमधला ०.८५, त्याच्याही आतला पूर्ण १. ही सगळी बेरीज अणुअंकातून वजा करा.

लिथियम: ३ वजा (२ गुणिले ०.८५), उरले १.३.
फ्लोरीन: सोबती ६, आतले २. ९ वजा (२.१ अधिक १.७), उरले ५.२.
सोडियम: ११ वजा (८ गुणिले ०.८५ अधिक २), उरले २.२.
पोटॅशियम: १९ वजा (८ गुणिले ०.८५ अधिक १०), उरले परत २.२!

आता पेन खाली ठेवा आणि हे चार आकडे बघा. लिथियमपासून फ्लोरीनपर्यंत, त्याच रांगेत, ओढ १.३ वरून ५.२ झाली, चौपट, कारण नवा आलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन बाजूला उभा राहतो, फार अडवत नाही, आणि न्यूक्लियसमध्ये मात्र पूर्ण एक प्रोटॉन वाढतो. उलट सोडियम आणि पोटॅशियमला ओढ तेवढीच, पण पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन चौथ्या शेलमध्ये, म्हणजे लांब. आडव्या रांगेत ओढ बदलते, उभ्या रांगेत अंतर बदलतं. सगळे लाल बाण या एका वाक्यातून निघतात.

वहीत दुसऱ्या पिरियडच्या आठही जणांचा हिशोब करा. बोरॉन २.६, कार्बन ३.२५, नायट्रोजन ३.९, ऑक्सिजन ४.५५ असे यायला पाहिजेत.

पायरी ५: आता ट्रेंड, पाठ न करता

त्रिज्या: ओढ वाढली की अणू आवळतो. लिथियम १५२ पिकोमीटर, फ्लोरीन ६४. खाली गेलात की शेल वाढतात म्हणून मोठा, लिथियम १५२, सोडियम १८६. निऑन फ्लोरीनपेक्षा मोठा दाखवलेला असतो ते बघून गोंधळू नका, निष्क्रिय वायूची त्रिज्या वेगळ्या पद्धतीने मोजलेली असते, ती तुलना मुळात करायचीच नाही.

आयनचा प्रश्न आला तर आधी इलेक्ट्रॉन मोजा. इलेक्ट्रॉन सारखे असतील तर ज्याचे प्रोटॉन जास्त तो लहान, संपला विषय. ऑक्साइड १४०, फ्लोराइड १३३, सोडियम आयन १०२, मॅग्नेशियम आयन ७२, सगळ्यांकडे १० इलेक्ट्रॉन.

आयोनायझेशन एनर्जी, म्हणजे इलेक्ट्रॉन उपटायला लागणारी ऊर्जा, किलोज्यूल प्रति मोलमध्ये: लिथियम ५२०, बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरीन १६८१, निऑन २०८१. याचा ग्राफ स्वतः काढा, प्लीज. वर चढणारी रेघ दोन ठिकाणी खचते, बोरॉनपाशी आणि ऑक्सिजनपाशी.

ऑक्सिजनपाशी का, तर ती एसटी. त्याचा चौथा पी इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या शेजारी दाटीवाटीने बसलाय, दोघं एकमेकांना ढकलतायत, तो उठायला तयारच आहे. बोरॉनचं कारण वेगळं, बेरिलियमचा इलेक्ट्रॉन २एस मधून काढायचा असतो आणि बोरॉनचा २पी मधून, २पी ची ऊर्जा जरा वरची आणि त्याला २एस वालेही झाकतात. आणि हो, स्लेटरच्या हिशोबात हे दिसणार नाही, तो एस आणि पी ला एकाच मापाने मोजतो. आकडे ढोबळ आहेत, देव नाहीत.

यावरचा माझा आवडता प्रश्न: एका मूलद्रव्याच्या लागोपाठच्या एनर्जी ५७८, १८१७, २७४५, ११५७७, तर ग्रुप कोणता? तीन इलेक्ट्रॉन बऱ्यापैकी निघाले, चौथ्याला एकदम चौपट उडी. म्हणजे बाहेर तीनच होते, ग्रुप १३, हा आपला अ‍ॅल्युमिनियम. सोडियमची उडी पहिल्यानंतरच, ४९६ वरून थेट ४५६२. उडी कुठे आहे ते शोधायचं, आकडे पाठ करायचे नाहीत.

इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी, म्हणजे अणूने एक इलेक्ट्रॉन आत घेतला की होणारा ऊर्जेचा बदल: इथे मायनस म्हणजे ऊर्जा बाहेर पडली, मायनसपुढचा आकडा जेवढा मोठा तेवढी हाव जास्त. बाण म्हणेल फ्लोरीन पहिला, पण फ्लोरीन उणे ३२८ आणि क्लोरीन उणे ३४९. फ्लोरीन इतका लहान की नवा पाहुणा आत शिरला की आधीचेच त्याला ढकलतात, क्लोरीनकडे घर मोठं. ऑक्सिजन-सल्फरचं पण असंच, उणे १४१ आणि उणे २००. पण इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीत मात्र फ्लोरीनच राजा, पॉलिंगच्या स्केलवर ३.९८, कारण ती बंधातल्या सामायिक इलेक्ट्रॉनची ओढाताण आहे, एकट्या अणूची हाव नाही. या दोन गोष्टी एक समजणं ही परीक्षेतली सगळ्यात महागडी चूक.

राहता राहिला गॅलियम. अ‍ॅल्युमिनियम १४३ आणि त्याच्या खालचा गॅलियम १३५, खाली जाऊनही लहान! मध्ये दहा डी इलेक्ट्रॉन आलेत आणि डी वाले झाकण्यात अगदीच कच्चे, मंडपात हडकुळी माणसं पुढे उभी राहिल्यासारखे, त्यामुळे ओढ बाहेरपर्यंत पोचते. हाच प्रकार आणखी खाली एफ (डी नंतरचा उपभाग) इलेक्ट्रॉन करतात, झिर्कोनियम आणि त्याच्या खालचा हाफ्नियम दोघेही १६० च्या आसपास, इतके सारखे की हाफ्नियम झिर्कोनियमच्या खनिजात लपून राहिला आणि १९२३ साली सापडला.

पायरी ६: सराव मेंडेलीव्हसारखा करा

मेंडेलीव्हने १८६९ साली सारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला माहीतच नव्हता, त्याने अणुवस्तुमानाने लावली आणि जिथे गुणधर्म जुळेनात तिथे सरळ रिकाम्या जागा सोडल्या. अ‍ॅल्युमिनियमखालच्या जागेवर येणाऱ्या धातूची घनता ५.९ च्या आसपास असेल असं त्याने सांगून ठेवलं. १८७५ ला फ्रान्समध्ये बुआबोद्राँला गॅलियम सापडला, त्याने घनता मोजली ४.७. मेंडेलीव्हने रशियातून कळवलं की नमुना नीट शुद्ध करून परत मोजा. परत मोजली, ५.९ आली! न बघितलेल्या धातूबद्दल बघितलेल्याला सुनावायचं म्हणजे कमालच. (हा गॅलियम साधारण ३० अंशाला वितळतो, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टेबलावर ठेवला तर पातळच होईल.)

टेल्युरियम १२७.६ आणि आयोडीन १२६.९ यांची अदलाबदल त्याला गुणधर्म बघून करावी लागली, त्याचं खरं कारण १९१३ ला मोझलीने एक्स-रेवरून दाखवलं, की क्रम अणुअंकाचा असतो, वस्तुमानाचा नाही. मोझली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत गेला, वय फक्त २७.

तुम्ही पण तसंच करा. सारणीतल्या एखाद्या घरावर बोट ठेवून झाका आणि शेजाऱ्यांवरून अंदाज बांधा. सुरुवात ब्रोमीनपासून, क्लोरीन ३५.५ आणि आयोडीन १२६.९ यांची सरासरी ८१.२, खरं अणुवस्तुमान ७९.९. मग त्रिज्या झाका, मग आयोनायझेशन एनर्जी, रोज पाच घरं. अंदाज चुकला की बाण बघू नका, कॉन्फिगरेशन लिहा, कारण तिथेच सापडेल.

शेवटचे तीन, उत्तर झाकून सोडवा. सल्फाइड, क्लोराइड, पोटॅशियम आयन, कॅल्शियम आयन आकाराच्या उतरत्या क्रमाने लावा: दिलेला क्रमच बरोबर आहे, १८४, १८१, १३८, १००, सगळ्यांकडे १८ इलेक्ट्रॉन. मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये पहिली आयोनायझेशन एनर्जी कोणाची जास्त: मॅग्नेशियमची, ७३८ विरुद्ध ५७८, बेरिलियम-बोरॉनचीच गोष्ट एक मजला खाली. आणि फॉस्फरस की सल्फर, याचं उत्तर मी देत नाही, एसटी आठवा.